हॉलवेगचा ब्रेक

(लंडनचं उपनगर पिनर, रविवारची दुपार. ज्युलिएट, वय शहाऐंशी, निवृत्त नर्स. मिखाल, तिची मुलगी.)

मिखाल : मग हा पत्र टॉवेलांच्या खाली कशाला ठेवला?

ज्युलिएट : हे पत्र. आणि माझे ड्रॉवर तू कधीपासून तपासायला लागलीस?

मिखाल : तुझ्या गोळ्या शोधत होते. पत्र येऊन तीन आठवडे झाले, आई. जर्मनीतून एक बाई लिहिते, माझे वडील तुमच्या वॉर्डमध्ये वारले, आणि तू मला सांगत पण नाहीस?

ज्युलिएट : फसवणारी असेल कोणी. फोनवर येतात ना, तसली.

मिखाल : मी चेक केलं. डीटर हॉलवेग, रेसिंग ड्रायव्हर. एकसष्ट साली लिंकनशायरच्या ट्रॅकवर क्रॅश झाला.

ज्युलिएट : असेल. वॉर्डात शेकडो आले नि गेले. त्या हिरव्या गाडीचं मला काय ठाऊक?

मिखाल : हिरवी आहे, हे कोणी सांगितलं तुला?

ज्युलिएट : पत्रात असेल.

मिखाल : पत्रात कलर नाही. आत्ताच परत वाचलं मी.

ज्युलिएट : पडदा ओढ जरा. ऊन येतंय डोळ्यांवर.

मिखाल : आई, लग्नाच्या आधी तुझं त्याच्याशी काही होतं का?

ज्युलिएट : वेडी आहेस का? वीस मिनिटं ओळखत होते मी त्याला.

मिखाल : वीस मिनिटं? पण तिनं इनक्वेस्टच्या, म्हणजे मृत्यूच्या चौकशीच्या, पेपर्सची कॉपी पाठवलीय, त्यावर तुझी सही आहे, 'नर्स ज्युलिएट पेणकर'. तू लिहून दिलं की पेशंट शुद्धीवर आलाच नाही.

ज्युलिएट : हो. लिहून दिलं.

मिखाल : मग?

ज्युलिएट : आला होता शुद्धीवर. चांगला बोलत होता, इंग्लिशमध्ये. मी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाला, इथेच, कैदेत. लढाईत जर्मन सैन्याचे निरोप मोटारसायकलवरून पोचवायचा, एकोणिसाव्या वर्षी पकडला गेला. दोन वर्षं बटाटे काढले त्यानं, ट्रॅकच्या पलीकडच्याच शेतात. मग घरी जाऊन भंगारातून पहिली गाडी बांधली.

मिखाल : आणि क्रॅशबद्दल?

ज्युलिएट : म्हणाला, त्या हिरव्या गाडीच्या ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं. सकाळीच टीमला सांगितलं होतं, ब्रेक धरत नाही. ते म्हणाले, चालव. मला म्हणाला, सिस्टर, हे लिहून ठेवा.

मिखाल : लिहिलंस?

ज्युलिएट : चार्टच्या मागे. तो गेल्यावर टीमचा एक माणूस आला, ब्लेझर घातलेला, फार गोड बोलणारा. म्हणाला, मार लागल्यावर माणूस काहीही बरळतो. नवा कागद पुढे केला.

मिखाल : त्यानं धमकी दिली? व्हिसा वगैरे?

ज्युलिएट : नाही गं. कोणी काही धमकी दिली नाही. तेच तर आहे.

मिखाल : मग का? त्या बाईची आई मरेपर्यंत नवऱ्याला दोष देत होती. ही शेवटची रेस, असं प्रॉमिस करून तो एवढा फास्ट का गेला, म्हणून.

ज्युलिएट : मी त्याचा हात धरला होता. त्यानं विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, मुंबईची. ज्यू आहे. का सांगितलं कोण जाणे. तेव्हा हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत रूथ होती, व्हिएन्नाची. नाझींनी तिच्या घरचं एकही माणूस ठेवलं नव्हतं. तेच डोक्यात असेल.

मिखाल : तो काय म्हणाला?

ज्युलिएट : काही नाही. हात काढून घेतला. भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं गेला.

मिखाल : म्हणून तू सही केली?

ज्युलिएट : मला वाटलं, याला माझा हात नको, तर याच्यासाठी मी का भांडू? बसमध्ये बसले आणि वाटलं, लाजला असेल तर? की नुसतं दुखत असेल? तोवर कागद गेला होता.

मिखाल : चौसष्ट वर्षं तू कोणाला सांगितलं नाहीस. डॅडींना पण?

ज्युलिएट : त्यांना तर मुळीच नाही. तू रागावलीस?

मिखाल : माहीत नाही. मी लॅपटॉप आणते. आज उत्तर लिहायचं.

ज्युलिएट : आधी ब्रेकचं लिही. मग कागदाचं, माझ्या नावानिशी. हाताचंही लिही. आणि तिला विचार, तिचे वडील मनानं कसे होते.

मिखाल : वडील गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती, आई. तेच विचारायला तिनं तुला लिहिलंय.