नदीशी नातं जपणारं पाणी

...आणि वर मलाच विचारतात, "लॉरेन्स, चेहरा का पडलाय? अहवाल तर छान झालाय!" छान? तुम्हाला सांगतो, कॅनडात, कॅल्गरीतल्या तेल कंपनीत पर्यावरणाचा अहवाल लिहिण्यापेक्षा गटारं उपसलेली बरी... तिथं निदान घाणीला घाण तरी म्हणता येतं!

मी लिहिलं काय होतं? साधं वाक्य. 'आमच्या सांडपाण्याच्या तळ्यातून विषारी पाणी नदीत झिरपतंय.' झालं! वकीलबाई ग्रेटा चष्मा पुसत म्हणाल्या, "विषारी कशाला? वापरलेलं म्हणू या." बरं बाई, वापरलेलं! मग इंजिनियर वेंडेलला 'झिरपतंय' खुपलं. म्हणे तळ्याची भिंत आमच्या खात्यानं बांधलीय, पाणी झिरपत नाही, नुसतं हलतं. हलू दे! मग गेलं संचालकांच्या समितीपुढे... समिती म्हणजे काय, बायसनच्या, म्हणजे तिकडच्या रानगव्याच्या, मांसाचं जेवण आणि तोंडी लावायला पर्यावरण... तर अध्यक्ष हॉलब्रुकसाहेब घास गिळून म्हणाले, "यात आपुलकी कुठंय?" आता विषात आपुलकी कुठून आणू? शेवटी छापलं, 'आमचं पाणी नदीशी नातं जपतं.' अहवाल छान झालाय!

आता त्याच नदीच्या खालच्या अंगाला माझी इलॉइज मावशी राहते, जिनं मला वाढवलं. मीच मागे लागून तिचं नदीचं पाणी, नदीतले मासे बंद केले होते. तिनं का म्हणून विचारलं की विषय बदलायचो, गुप्ततेच्या कागदावर सही केलेली ना! आणि कंपनीनं काय करावं? गावच्या हॉलमध्ये फुकट बर्गर खाऊ घालून अहवाल वाटला... मागच्या पानावर माझा फोटो, हसरा!

लगेच मावशीचा फोन. "लॉरी, वाचलं रे बाळा. तू लिहिलंयस म्हणजे खरंच असणार. पुन्हा जाळं टाकलं बघ. चहाही नदीच्याच पाण्याचा केला."

"मावशी, नको पिऊस."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे खोटं लिहिलंस?"

काय सांगू? म्हटलं, "नाही गं... जरा उकळून पी." उकळून! हे विष उकळून जातं होय? इतकी लाज वाटली म्हणून सांगू...

आज तिचं पार्सल आलंय. धुरावर सुकवलेला मासा, त्याच नदीतला. ऑफिसात नेला, तर ग्रेटाबाईंना ॲलर्जी, वेंडेलचं पोट भरलेलं, साहेब तर लिफ्टमध्येच शिरले... एरवी आपुलकी हवी म्हणतात! म्हणून बसलोय एकटाच, ताट घेऊन. तिकडे ती माझ्या शब्दावर खातेय, मग मला टाकवेल का हो? खातो... काय करणार, अहवाल छान झालाय.