भिंतीवरचा हासरा बुढा

चिखलीच्या गाडीत रेणुकाच्या मागच्या सीटवर एकाच माहेरच्या दोन म्हाताऱ्या भेटल्या, आणि तिचे कान आपसूक मागं वळले.

“भिमे, तुमच्या गावात म्हने भिंतीभिंतीवर चित्रं काढले?”

“हाव ना. पुन्याचे चित्रकार आले होते. माह्या भिंतीवर आमच्या बुढ्यालेच काढलं, फोटू पाहून.”

“चांगलं झालं की. गेलेला मानूस पुन्हा दारात उभा राह्यला.”

“काय चांगलं? त्यायनं हासताना काढला!”

“मंग?”

“चाळीस वर्सं संसार केला, वत्सले. हा मानूस माह्याकडं पाहून एकडाव हासला नाई. आता शेन टाकाले निंघाली का हासते, पानी आनाले निंघाली का हासते. मले समजूनच नाई राह्यलं, हा कोनाचा नवरा माह्या भिंतीवर आला!”

“मंग दिवाळी येऊनच राह्यली. घराले चुना मारशीनच ना? दे त्याच्यावरबी एक हात.”

“तेच तं! काल चुना भिजवला, कुची हातात घेतली, अन् उभीच राह्यली त्याच्यापुढं.”

“काऊन?”

रेणुकाचा थांबा आला. ती उठली नाही.

“कशी पुसू माय? आताच तं कुठं हासाले लागला.”