अधिक-उणे दोन

प्रयोगशाळेच्या दाराशी, तपासलेल्या वह्या परत घ्यायच्या रांगेत, माझ्यापुढे दोघी मैत्रिणी उभ्या होत्या.

"बाईंनी स्पर्धेला तुलाच निवडलं. तुझं नशीबच जोरावर. दंडगोल तोच, पट्टी तीच, घनफळही दोघींचं पन्नास."

"बाईंनी नंतर पाण्यात बुडवून मोजलं गं. एक्कावन्न भरलं."

"म्हणजे दोघीही चुकलो."

"मी पन्नासपुढे चुकीची शक्यता म्हणून अधिक-उणे दोन लिहिलं होतं. एक्कावन्न त्यात बसतं. तू अधिक-उणे अर्धाच लिहिलंस."

"चूक कमी दाखवली की मोजणारी हुशार दिसते."

"घनफळाच्या सूत्रात व्यासाचा वर्ग होतो, म्हणून त्याची चूक दुप्पट धरायची. विसरलीस का?"

"नाही. माझेही दोनच आले होते."

"मग खोडलेस कशाला?"

"तुझ्या वहीत दोन दिसले म्हणून. मला तुझ्याहून कमी हवे होते."