गाईबैलांचं कलम

(आणीबाणीतला हिवाळा. नागपुरातलं एक पोलीस ठाणं. जमादार शालिकराम आणि त्याच्याच मोहल्ल्यातली तुळसाबाई.)

तुळसाबाई : असं म्हणता? माह्या माणसानं घटना वाचली म्हणून आत टाकला? मले वाटलं, कोणाचं डोस्कं फोडलं का काय. तसं असतं त आतापर्यंत जामिनावर घरी आला असता.

जमादार : घरी वाचा ना बाप्पा, कोण नाही म्हणते? देवाजीनं विहारात वाचलं, लाऊडस्पीकरवर. आन् वाचलं कोणतं? एकविसावं! कायद्याबिगर कोणाचं स्वातंत्र्य घेता येत नाही म्हणे. हे दिवस काय, हा वाचून काय राहिला!

तुळसाबाई : आमी दर रविवारी एक कलम वाचतो, जमादारभाऊ. मागच्या रविवारी विसावं झालं. विसाच्या मागं एकवीसच येते. तुमच्या ठाण्यात दुसरं काही येते काय?

जमादार : एखादं गाळता नसतं आलं? साहेब म्हणे, अठ्ठेचाळीस वाचा. गाईबैलांचं आहे. एकविसावं सध्या बंद आहे, हे चालू आहे, त्याले कोणी काही म्हणत नाही.

तुळसाबाई : वा! बैलाचं कलम चालू, माणसाचं बंद. देवाजीले शिंगं फुटली असती त बरं झालं असतं.

जमादार : चेष्टा नका करू वं बाई. सरकारले पावर असते. जमीन घेते, टॅक्स घेते, माणूसही घेते.

तुळसाबाई : जमीन घेतली त कागद देते, टॅक्स घेतला त पावती देते. माणसाचीही पावती फाडा, मी चालली घरी.

जमादार : मिसा कायद्यात पावती नसते. काहून धरलं ते सांगा लागत नाही. कोर्टालेही नाही.

तुळसाबाई : वकील करू का मग?

जमादार : करा. आत जागा आहे अजून.

तुळसाबाई : पुस्तक त द्या. विहाराचं आहे.

जमादार : मुद्देमाल आहे ते. सील केलं.

तुळसाबाई : म्हणजे तेही आत! बाबासाहेबाची घटना, सरकारनं छापली, सरकारनंच धरली.

जमादार : आता माझं ऐका. देवाजी रातभर खोकून राहिला. मले पाहवत नाही. साहेबाच्या हातापाया पडलो मी. विहारात पुन्हा वाचन होणार नाही, एवढं लिहून द्या. संध्याकाळी घरी येईन तो. हा घ्या पेन.

तुळसाबाई : खरंच येईन?

जमादार : साहेबाचा शब्द आहे.

तुळसाबाई : आन् परवा साहेबाले वाटलं, पुन्हा धरून न्यावं याले. त मी कोणाले इचारू?

जमादार : कोणाले म्हणजे?... कोणालेच नाही.

तुळसाबाई : मले तो घरी पाहिजे, भाऊ. लई पाहिजे. रातभर डोळा नाही लागला माझा. पण असा नाही, साहेबानं उसना दिलेला. घ्या तुमचा पेन.

जमादार : जिद्द नका करू. मंग मलेच दोष देसान.

तुळसाबाई : तुमाले काहून देऊ? एक सांगा फक्त. उद्या साहेबाची मर्जी फिरली, आन् तुमालेच आत टाकलं, त तुमच्या घरच्या कौशल्यावहिनीनं कोणत्या ठाण्यात जावं?

जमादार : हळू बोला, बाई. साहेब आतच बसले आहेत.