मारेकऱ्यावर पडलेली माती

दि. ५ जानेवारी २०२५. घटना शुक्रवारची. दोन दिवस गप्प राहून आज रविवारी जबाब द्यायला येते आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. आमच्या नाटकात जखमी झालेल्या बॅप्टिस्टजवळ मी दवाखान्यात होते.

माझे नाव हिल्डा रॉबर्ट तुस्कानो, वय ४६ वर्षे, शिक्षण एम. ए., व्यवसाय शिक्षिका, राहणार मधली आळी, वसई (प.), जि. पालघर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, सांगते की,

आमच्या आळीचे हौशी नाट्यमंडळ आहे. एका जुन्या परदेशी शोकांतिकेवरून मी मराठी नाटक लिहून बसवले. शुक्रवारी त्याचा पहिला प्रयोग होता. त्यात गावच्या पुढाऱ्याला त्याचेच सोबती मारतात. मारेकरी लोकांना आपली बाजू पटवतो, लोक टाळ्या वाजवतात. मग मृताचा मित्र शवपेटीजवळ उभा राहून बोलतो आणि तेच लोक मारेकऱ्यावर उलटतात. मारेकऱ्याचे काम बॅप्टिस्ट लोपीस याने केले, मित्राचे ॲन्सेल्म परेरा याने.

मित्राच्या भाषणात शिवी नाही, आरोप नाही. तो फक्त विचारतो, "तुमच्या विहिरी आटल्या तेव्हा तुमच्यासाठी रहाट कोणाच्या विहिरीवर फिरला? तुम्ही सांगा, मी कोण सांगणारा?" उत्तर लोक आपापसांत देतात.

शेवटी तो पेटीजवळ ठेवलेल्या मातीच्या टोपलीकडे हात करून म्हणतो, "माती द्या." त्यावर आमचे दहा नट पुढे येणार होते. पण आमच्याकडे मयताला माती द्यायची वेळ आली की कोणी बसून राहत नाही. खुर्च्यांवरून लोक उठले. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. रांगेत सालोमीआजी पुढच्याला म्हणाली, "ढकलतोस कशाला, सगळ्यांना पुरेल." हे मी बसवलेले नव्हते. मुठीत माती घेऊन माणसे पेटीपाशी आली, तर तिथेच मारेकरी उभा. कोणीतरी ओरडले, "याला दे!" माती बॅप्टिस्टवर पडू लागली. एक खडा त्याच्या उजव्या डोळ्याला लागला.

ॲन्सेल्म भूमिका सोडून त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. पुढची माती त्याने तोंडावर घेतली. तो ओरडला नाही. म्हणाला, "हा कोण आहे? तुमच्या घरचे नळ कोण दुरुस्त करतो? तुम्ही सांगा."

सालोमीआजी म्हणाली, "आपला बॅप्टिस्ट, दुसरा कोण?" लोक हसले. मुठी खाली आल्या.

हे माझ्या नाटकात नाही. माझ्या नाटकात मारेकऱ्याच्या बाजूने पुन्हा कोणी बोलत नाही.

ॲन्सेल्मने लोकांना चिथावले, अशी तक्रार बॅप्टिस्टची बायको मर्सी हिने दिली आहे. दवाखान्यात ती मला म्हणाली, "तुमचा हिरो झाला, टीचर. माझ्या माणसाचा डोळा गेला असता." तिचा राग रास्त आहे. ॲन्सेल्मची बोटीवरची नोकरी ठरली आहे व त्याची चारित्र्य पडताळणी याच ठाण्यात बाकी आहे. गुन्ह्यात नाव आले तर ती नोकरी जाईल.

भाषणात चिथावणी आहे काय, असे मला विचारण्यात आले. आहे. ते त्यासाठीच लिहिले आहे आणि मी लिहिले आहे. नाव लिहायचे तर माझे लिहावे. लोक उठले तेव्हा मला आनंद झाला, हेही लिहावे. तो आनंद खडा लागेपर्यंतच टिकला की नंतरही थोडा उरला होता, हे मी दोन दिवस स्वतःला विचारते आहे. पण ॲन्सेल्मने ज्या आवाजाने लोकांना उठवले त्याच आवाजाने त्यांना थांबवले. त्याचा मला अभिमान आहे. तो मी मागे घेणार नाही.

डोळा शाबूत आहे. उद्या तीन राजांच्या सणाला दुसरा प्रयोग आहे. बॅप्टिस्ट आज सकाळी म्हणाला, "मारेकरी मीच. पट्टी बांधून आणखी शोभेन."

मर्सी म्हणाली, "मग मी पहिल्या रांगेत. बघते कोण मारतो माती!"

आता ती बाहेर बाकावर ॲन्सेल्मच्या शेजारी बसली आहे. तिला काय सांगायचे ते तिचे ती सांगेल.

हवालदार जागृती म्हात्रे यांनी हे सर्व मला वाचून दाखवले. दोन ठिकाणी "जमाव भडकला" असे होते, ते माझ्या सांगण्यावरून "लोक उठले" असे केले. आता ते मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.

हिल्डा रॉबर्ट तुस्कानो

उद्या सकाळी : टोपलीतली माती चाळून घेणे.