गोळी गिळल्यावर

डॉ. सुरभी : म्हणून सांगते, बाबाराव, तुम्हाला टीबी नाही. नव्हताच कधी.

कौसल्या : मंग मॅडम, इतके महिने यायनं गोळ्या कायच्या खाल्ल्या?

डॉ. सुरभी : टीबीच्याच. फोटोत डाग तसाच, खोकला तसाच. आता दुर्बीण घालून फुफ्फुसातला स्राव तपासला, तेव्हा खरा जंतू सापडला. नोकार्डिया. मातीत असतो. शेणखत उकरताना धुळीतून आत गेला असेल. क्वचितच होतो, पण तुमच्यासारख्या शुगरवाल्याला धरतो.

बाबाराव : त्या गोळ्यायनं हा मरत नाई?

डॉ. सुरभी : नाही. कितीही नेमानं घेतल्या तरी.

बाबाराव : आयकलं का, कौसल्या?

कौसल्या : आयकलं.

डॉ. सुरभी : काय झालं, ताई?

कौसल्या : खोकला हटे ना, मॅडम. गावात गोळ्या वाटते त्या आशाताई म्हणे, नवरा गोळ्या थुकत असन तुहा. मले खरंच वाटलं. रोज गोळी देल्ली का ‘आ करा’ म्हणाव, जीभ वर करून पाहाव. गोठ्यात ढोरायच्या कुटारात हुडकल्या गोळ्या. महागावले दिराले फोन करून सांगतलं, तुहा भाऊ गोळ्या फेकते.

बाबाराव : थो येऊन चार माणसांत बोलून गेला.

कौसल्या : तुमी काहून नाई बोलले तवा?

बाबाराव : बोललो ना. सुरुवातीले बोललो. मंग सोडून देल्लं.

डॉ. सुरभी : ही तपासणी आधीच व्हायला हवी होती. ताईंची चूक नाही. आता आजपासून इंजेक्शन आणि नव्या गोळ्या. वर्षभर लागतील.

बाबाराव : मी नाई घेत.

डॉ. सुरभी : जंतू मेंदूत गेला तर हातात काही राहणार नाही, बाबाराव.

बाबाराव : जाऊ द्या. मले आता काई वाटतच नाई, मॅडम. मरायचं नाई, बरं व्हायचंई नाई.

कौसल्या : मले वाटते ना! चुकलं माह्यं. खऱ्या माणसाले खोटं ठरोलं मी. जलमभर बोलून दाखवा मले. पण त्याच्यासाठी जित्तं तं राहा.

बाबाराव : ...आण इकडं.

(कौसल्या गोळी आणि पाण्याचा गिलास देते. बाबाराव गोळी गिळतो, आणि सवयीनं तोंड उघडून जीभ वर करतो.)

कौसल्या : मिटा. मिटा ना हो तोंड.