अर्ध्या फेरीनंतर

मंचावर विराजमान अध्यक्षमहाशय, म्हणजेच आमचे मुख्याध्यापक सर. संस्थेचे सन्माननीय सचिव. सहकारी शिक्षक, पालक, आणि पहिल्या रांगेतून माझ्याकडे 'लवकर आटप' अशा नजरेनं बघणाऱ्या माझ्या सासूबाई, सर्वांना सविनय नमस्कार.

निवृत्तीनिमित्त दिलेलं हे मानपत्र सुंदर आहे. त्यात मला 'आजारावर मात करणारी रणरागिणी' असं चार वेळा म्हटलंय. मी मोजलं, खेळाच्या बाईंना मोजायची सवय असते. पण सर, मात केली कोणी? सकाळी बोटं उघडायला मला अजून वीस मिनिटं लागतात. हे मानपत्र मी दोन्ही हातांनी धरलंय ते आदरापोटी नाही, एका हातात पेलत नाही म्हणून.

सहा वर्षांपूर्वी माझे सांधे सुजले, ताप हटेना, आणि मुलींच्या पुढे पळणारी बाई चौदा महिने अंथरुणाला खिळली. भेटायला येणारे म्हणत, "मन खंबीर करा, इच्छाशक्ती लागते." इच्छाशक्ती! एक जिना चढून धापा टाकणाऱ्यांनी माझ्याच खाटेवर बसून, माझीच बिस्किटं खात मला हे शिकवावं? सचिवसाहेब, तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही बिस्किटं खाल्ली नव्हती.

ताप गेला, दुखणं राहिलं. कामावर हजर होऊन आठवडा होत नाही तोच सरांनी बोलावलं. "मॅडम, क्रीडादिनाला मैदानाची एक फेरी मारा. मुलांना प्रेरणा मिळेल." प्रेरणा मुलांना, गुडघे माझे. आणि मी मूर्ख, निघाले की! टाळ्यांची भूक मलाही होतीच, खोटं कशाला बोलू? अर्धी फेरी झाली आणि मी चुन्याच्या रेघेवर मटकन बसले. पुन्हा नऊ आठवडे अंथरूण. त्या नऊ आठवड्यांत प्रेरणा मिळालेलं एकही मूल घराकडे फिरकलं नाही. संस्थेचं पत्र मात्र वेळेवर आलं: 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्तीचा विचार व्हावा.' स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी.

पत्र उशीखाली सारलं आणि फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. तिनं खुर्चीवरून तीनदा उठायला-बसायला सांगितलं.

मी म्हटलं, "एवढंच? मी दहा काढते."

"दहा काढाल आणि चार दिवस झोपून राहाल," ती म्हणाली. "फार दुखेल त्या दिवशी एकदाच उठा, पण उठा. आणि बरं वाटेल त्या दिवशीही तीनच. चौथं जमत असलं तरी बसायचं."

पंचवीस वर्षं 'अजून एक, अजून एक' ओरडण्यात घालवलेल्या बाईला हे किती झोंबलं असेल? तिनाचे चार व्हायला दोन आठवडे लागले. मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालणं, सोबतीला सासूबाई. वय वर्षं ऐंशी. त्या पुढे, मी मागे. "अगं ये की, मुंग्या मोजतेस का?" टोमणे मारले, पण सल्ला एकही दिला नाही, आणि सोबत एक दिवस चुकवली नाही.

वर्षभरानं मी मैदानावर खुर्ची टाकून बसले आणि बसल्या बसल्या शिकवू लागले. संस्थेच्या पत्राला उत्तर दिलं नाही. रोज हजेरीपटावर सही केली, तेच उत्तर.

गेल्या वर्षी पालकसभेत एक आई समोर उभी राहिली. "ओळखलंत, मॅडम? गुडघे दुखतात म्हटल्यावर तुम्ही मला चार फेऱ्या जास्त मारायला लावल्या होत्या. 'नाटकं बंद कर' म्हणाला होतात."

चेहरा आठवला नाही. वाक्य आठवलं, कारण ते मी किती जणींना ऐकवलंय याची गणती नाही. मघापासून तुमची हजेरी घेतेय ना? पण सगळ्यांत जास्त तिटकारा मला येतो तो गळ्यात शिट्टी अडकवलेल्या त्या बाईचा.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

"आता काय उपयोग?" ती म्हणाली. "माझ्या मुलीचेही गुडघे तसेच आहेत. तेवढं तिला पळवू नका."

नाही पळवली. तीनदा उठबस, मग चार, मग भिंतीच्या कडेनं चालणं. परवा ती सलग दहा मिनिटं चालली आणि म्हणाली, "अजून जमेल मला." मी म्हटलं, "माहितेय. बस आता." तिला पदक नाही, फलकावर नाव नाही. माझ्या जागी येणाऱ्या सरांना सगळ्यांदेखत सांगते: तिला फेरी मारायला लावाल, तर या दुखऱ्या पायांनी मैदानावर येईन आणि तुमचीच कवायत घेईन.

आभार त्या फिजिओथेरपिस्टचे, सासूबाईंचे, आणि रोज माझी खुर्ची सावलीत आणून ठेवणाऱ्या शिपाईमामांचे. मुख्याध्यापक सर, तुमचेही, मध्येच माईक बंद केला नाहीत. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. कमी काही झालेलं नाही, जास्तच झालं असेल.

आणि एक विनंती. टाळ्या उभं राहून वाजवू नका. या सभागृहात ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांची उगाच पंचाईत होते.